सुलभा दारात उभी होती

कथा लिहिण्याची तयारी या विषयात माझ्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस मुंबईत तरी झाला नसेल, आणि मुंबईबाहेर झाला असेल तर त्याने ते कुणाला कळू दिलेलं नाही. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढून ते अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच दिवशी गिरगावातल्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत त्यांनी खिडकीशी टेबल मांडलं. टेबलावर ‘आवक’ आणि ‘जावक’ असे दोन ट्रे ठेवले आणि आपण आता कथाकार झालो असल्याचं घरात जाहीर केलं. साडेनऊला इस्त्रीचा शर्ट, पट्टा, पायांत बूट. घरात बूट कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, “जावईबापू, चपलेत माणूस शिथिल होतो.” दहाच्या ठोक्याला मस्टरवर सही. दहा मिनिटं उशीर झाला की स्वतःच्या नावापुढे स्वतःच लाल शाईने लेट मार्क. एकदा शीवला मावसभावाच्या नातवाची मुंज होती. त्यांनी किरकोळ रजेचा रीतसर अर्ज लिहून आवक ट्रेमध्ये टाकला, टेबलाच्या पलीकडे जाऊन तो वाचला, आणि ‘कामाचा व्याप पाहता मंजूर करता येत नाही’ असा शेरा मारून परत पाठवला. मुंजीला सासूबाई एकट्या गेल्या आणि विचारील त्याला “ह्यांना रजा नाही मिळाली” असं गंभीरपणे सांगून आल्या. सरकारने यांना पुन्हा बोलावून घेतलं, अशी बातमी अर्ध्या नात्यात पसरली.

अशी दोन वर्षं गेली. मस्टर इतकं स्वच्छ की कुठल्याही खात्याने चौकटीत लावावं. कागदावर मात्र ‘पहाट झाली होती.’ एवढं एकच वाक्य उतरलं, आणि तेही पुढे खोडलं गेलं, कारण पहाट झाल्यावर काय होतं हे त्यांना सुचेना. जावक ट्रे रिकामाच राहतो हे पाहून सासूबाईंनी त्यात लसूण ठेवायला सुरुवात केली. प्रेरणा मिळावी म्हणून सासऱ्यांनी चौपाटीवर बसून पाहिलं, उदबत्ती लावून पाहिली, शाई बदलून पाहिली. लिहून होईना तेव्हा कचेरीच्या काळातली जुनी एक-दोन टिपणंच कथा म्हणून दादरच्या एका दिवाळी अंकाकडे पाठवली. पूर्वी पोस्टाने ‘साभार परत’ यायचं, त्यात निदान पाकीट तरी मिळायचं. हल्ली मोबाइलवर जोडलेल्या दोन हातांचं चित्र येतं. सासरे ते चित्र बराच वेळ बघत बसायचे.

गाडी रुळावर आली ती वालांमुळे. माझ्या सासरी कडव्या वालांच्या बिरड्याशिवाय श्रावणी सोमवारचा उपास सुटत नाही. मी लालबागचा, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यावर वाढलेला. मला पहिली दोन वर्षं या बिरड्याचं एवढं काय ते कळलंच नाही. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सालातून अलगद सोडवायचा. मोड तुटता कामा नये, दाण्याच्या दोन डाळी होता कामा नयेत. एके सकाळी सासूबाईंचं बोट कापलं होतं. त्यांनी परात आणून टेबलावर आवक ट्रेशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, “अहो, नुसते बसलाच आहात तर हे सोला.” सासऱ्यांनी कफ दुमडले, बूट काढले, खाली फतकल मारली. अर्धी परात झाली असेल नसेल, ते एकदम म्हणाले, “त्या शिपायाने पंचवीस वर्षं साहेबाला खोटं सांगितलं होतं.” सासूबाई ओट्याकडून म्हणाल्या, “कुठल्या शिपायाने?” ते म्हणाले, “माहीत नाही. पण सांगितलं होतं.” हात ओले, लिहिता येईना. वाक्य निसटू नये म्हणून ते मोठ्याने घोळवत राहिले आणि सासूबाई पोळ्या शेकता शेकता त्याला फाटे फोडत राहिल्या. परात संपली तेव्हा कथा तयार होती. ती त्याच दिवाळी अंकात छापून आली. चार पानांची, शेवटून दुसरी, पण आली.

पुढच्या वर्षी त्याच संपादकांनी दीर्घकथा मागितली. गणपतीच्या आधीच्या शनिवारी हातात पाहिजे म्हणाले. सासरे तेव्हा त्रेसष्टचे. मला म्हणाले, “जावईबापू, ही जमली तर मी लेखक. नाही जमली तर बूट घालून बसलेला पेन्शनर.” हसत म्हणाले, पण हसणं ओठांवरच राहिलं होतं.

कथेची नायिका सुलभा. माझगावात राहणारी, गोदीतल्या एका कचेरीत टायपिस्ट, वय चाळीस. दोन भाऊ, दोन भावजया, सगळा डोलारा हिच्या जिवावर. एका सकाळी ती बॅग भरते आणि घर सोडायचं म्हणून दारापर्यंत येते. आषाढात कथा इथवर धावत आली. आम्हाला सगळ्यांना सुलभा पाठ झाली होती. आणि इथे आम्ही नवराबायकोने शहाणपणा केला. बायको म्हणाली, “बाबांचे रोजचे दोन तास त्या वालांत जातात. तेवढ्यात चार पानं होतील.” मी लॅपटॉप नेऊन दिला, कानावर लावायचं ते आवाज बंद करणारं यंत्र दिलं, आतल्या खोलीचं दार घट्ट लागेल असं करून घेतलं. बायको दादरच्या मंडईतून सोललेलं बिरडं पिशवी भरभरून पोचवू लागली. सासऱ्यांनी तोंड भरून आभार मानले.

सुलभा दारातच उभी राहिली. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. इमारतीत जिन्यावर भेटणारा माणूस “पाऊसपाणी काय म्हणतंय” न विचारता “सुलभा निघाली का?” असं विचारायचा. सासरे म्हणायचे, “निघेल.” पुढे पुढे तेही म्हणेनात. नुसती मान हलवायचे आणि भिंतीच्या कडेने वर जायचे. मला त्यांची काळजी वाटायला लागली.

शनिवार नऊ दिवसांवर आला होता. मी सहज गिरगावात डोकावलो तर टेबल रिकामं. सासूबाई म्हणाल्या, फिरायला गेलेत, हल्ली रोज जातात. उतरताना तिसऱ्या मजल्यावर जोशीकाकूंच्या दाराबाहेर ओळखीचे बूट दिसले. आत स्वयंपाकघरात सासरे मांडी घालून काकूंचे वाल सोलत होते. माझ्या सासरी जे बिरडं त्याला जोशांकडे डाळिंब्यांची उसळ म्हणतात, वाल तेच. मला बघून त्यांनी परात पदराआड लपवावी तशी मांडीआड घेतली.

“बाबा, हे काय?” मी म्हटलं.

“काकूंना मदत,” ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “टेबलाशी बसलो की मी सारखा तिच्याकडे बघतो हो. ती अवघडते. बॅगसुद्धा खाली ठेवलीय तिने. वालाकडे बघत असलो की ती आपली तिचं तिचं बोलते.”

“मग घरी सांगायचं ना.”

“काय सांगू? पोर ऑफिस सुटल्यावर मंडईत जाते, एवढ्या हौसेने घेऊन येते. नको म्हटलं तर तिला वाईट वाटेल.”

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथेच खाली बसलो आणि दाणा सोलायला घेतला. पहिल्याचाच मोड तुटला. सासऱ्यांनी माझ्या हातातून परात काढून घेतली.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी दोन किलो वाल भिजत घातले. बायको थोडी रडली आणि लॅपटॉप घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मजल्यावरून मोडाच्या वालांची पुरचुंडी यायला लागली. श्रावणात त्या इमारतीने जेवढं बिरडं खाल्लं तेवढं अख्ख्या गिरगावाने खाल्लं नसेल. सासऱ्यांच्या बोटांना सुरकुत्या पडल्या, पण सुलभाने बॅग उचलली. शुक्रवारी दुपारी आम्ही सगळे गॅलरीत त्यांच्याभोवती बसलो होतो. ते मोठ्याने म्हणत होते, “सुलभा भावांकडे वळून म्हणाली, मी तुमच्यासाठी काय नाही केलं...”

“असं नाही म्हणायची ती,” सासूबाई म्हणाल्या. “एवढं बोलली तर जायचीच नाही. गॅस बंद आहे का बघेल आणि जाईल.”

सासऱ्यांची चिमूट तशीच राहिली. मग ते उठले, ओल्याच हातांनी आत गेले आणि दार लोटलं. पाऊण तासाने बाहेर आले तेव्हा शर्टभर शाई होती. “गेली,” ते म्हणाले. जोशीकाकूंनी टाळ्या वाजवल्या, सगळी गॅलरी टाळ्या वाजवू लागली, खालचा इस्त्रीवाला काय झालं म्हणून वर बघू लागला. शनिवारी आम्ही चौघांनी टॅक्सीने दादरला जाऊन कथा दिली. या वेळी जोडलेले हात आले नाहीत. संपादकांचा फोन आला.

दिवाळीत अंक आला. सासऱ्यांची कथा पहिली. इमारतीने फराळाच्या ताटांसकट अंक हातोहात फिरवला, सासरे नवा झब्बा घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला सह्या देत होते, आणि इतका आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. माणसं पांगल्यावर ते गॅलरीच्या कठड्याशी उभे राहिले. मी म्हटलं, “बाबा, आता पुढची कधी?”

ते म्हणाले, “कुठे गेली असेल हो ती? मी नुसतं दारातून बाहेर काढलं. पुढे कुठे उतरली, जेवली का, काहीच लिहिलं नाही.”

स्वतःच्या मुलीच्या लग्नात हा माणूस रडला नव्हता. पाठवणीच्या वेळी तो मंडपवाल्याच्या खुर्च्या मोजून घेत होता, हे माझी बायको अजून सांगते. आता मात्र त्यांनी चष्मा काढला आणि झब्ब्याच्या टोकाने पुसत राहिले. आम्ही निघालो. बायको जिन्याशी चपला घालत होती. ते तिच्यामागे आले आणि म्हणाले, “घरी पोचलीस की फोन कर.”

गिरगावाहून लालबाग ते केवढं, आणि आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झालेली. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला असं कधी म्हटलं नव्हतं. ती “हो बाबा” म्हणाली, टॅक्सीत बसली, आणि भायखळाही यायच्या आत तिने फोन लावला.