आगरकाकूंचा रातांबा

उन्हाळ्यात आमच्या सगळ्या कॉलनीत कपडे वाळत घातलेले असायचे आणि आगरकाकूंच्या मागच्या अंगणात ओले घातलेले. एप्रिल लागला की त्यांच्या जुन्या सुती साड्या कपाटातून बाहेर यायच्या, बादलीत बुचकळल्या जायच्या आणि न पिळताच पश्चिमेच्या दोरीवर टांगल्या जायच्या. दुपारचं तापलेलं वारं त्या साड्यांतून निवून झाडांपर्यंत पोचावं, अशी ती योजना. साडी सुकली की काकू पुन्हा बादली घेऊन हजर. नव्या भाडेकरूंना वाटायचं, म्हातारीला धुण्याचं वेड आहे. मी भिंतीपलीकडचा शेजारी. त्यांचा गैरसमज दूर करण्याच्या फंदात मी कधी पडलो नाही, कारण वेड होतंच, फक्त ते धुण्याचं नव्हतं.

समुद्राकाठी घरामागे नारळी-पोफळीची जी बाग असते तिला तिकडे आगर म्हणतात, हे आम्हांला काकूंमुळे कळलं. त्यांचं दर तिसरं वाक्य ‘आमच्या आगरात’ असं सुरू व्हायचं, म्हणून त्या आगरकाकू. माहेर रत्नागिरीकडचं, अगदी किनाऱ्यावरचं. काकांना सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून त्या नाशकात आल्या. पुढे काका निवर्तले, मुलगा बंगळुरूला स्थायिक झाला, आणि एवढं सगळं होऊनही काकू मनाने अजून एस.टी.तून खाली उतरल्याच नव्हत्या. “हे गाव द्राक्षांचं हो, माणसांचं नाही,” असं त्या ओठांना तूप लावता लावता म्हणायच्या. इथली कोरडी हवा त्यांना वैऱ्यासारखी वाटायची आणि त्या तिच्याशी रोज भांडायच्या.

मी देवळ्याकडचा. आमच्याकडे जमिनीतून जे निघतं ते ट्रॅक्टरमध्ये भरून लासलगावला जातं. जे जात नाही त्याला तण म्हणतात. त्यामुळे काकूंचं परस हा आमच्या घरात थट्टेचा विषय होता. एकदा माझे वडील गावाहून आले होते. भिंतीवर कोपरं टेकून त्यांनी काकूंचं पाणी घालणं बराच वेळ न्याहाळलं आणि मग न राहवून म्हणाले, “बाई, लय पाणी पितंय हे सगळं. एवढ्यात माझा कांदा निघला असता.” काकूंनी वळूनही पाहिलं नाही. “कांदा मेला कुणाच्याही घरी जाऊन रडवतो. माझी झाडं तसली नाहीत,” त्या म्हणाल्या. वडील दोन दिवस ते वाक्य आठवून हसत होते.

पण ते परस थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं, हे मला हळूहळू कळत गेलं. “आधी ऊन अडवायचं, मग झाड लावायचं,” हा काकूंचा पहिला नियम. पश्चिमेला केळीची दाट रांग, तिच्या आड पोफळी, एका पोफळीवर चढवलेला मिरीचा वेल, खाली हळद आणि अळू. जमीन उघडी म्हणून कुठे दिसायची नाही. चौकातल्या शहाळेवाल्याकडून त्या नारळावरची काथ्याची सोडणं गोणीत भरून आणायच्या आणि झाडाच्या बुंध्याभोवती उपडी पुरायच्या. एकदा भिजलेलं सोडण दोन-तीन दिवस ओल धरून ठेवतं. बाहेर रस्त्यावर डांबर पाघळत असताना त्या परसात शिरलं की अंगावर गारवा यायचा. मला तर काही वेळा तिथून निघावंसंच वाटायचं नाही.

उन्हाशी काकूंचं कसंबसं जमलं होतं. थंडीशी नाही. डिसेंबरात इथे पारा असा उतरतो की द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून बसतात. काकूही पहाटे परसाच्या कोपऱ्यात पालापाचोळ्याचा धूर करायच्या आणि शाल गुंडाळून खोकत बसायच्या. तरी पोफळी एकेक करून पिवळ्या पडल्या. आधी शेंडा, मग सगळंच. मिरीचा वेल एका हिवाळ्यात काळा पडून गळून आला. झाड मेलं की काकू त्या दिवशी स्वयंपाक करत नसत. माझी बायको ताट घेऊन जायची. त्या ते मुकाट्याने जेवायच्या आणि म्हणायच्या, “रातांबा आहे ना अजून.”

तो रातांबा म्हणजे काकूंचा जीव की प्राण. ज्याच्या फळाच्या सालीचं आमसूल करतात ते हे झाड. वडिलांचं तेरावं उरकून त्या माहेराहून परतल्या तेव्हा पिशवीत विहिरीकडच्या झाडाचे पिकले रातांबे होते. त्यातल्या बिया त्यांनी कुंडीत टोचल्या. सात-आठ रोपं वर आली. त्यांतलं सगळ्यांत जोमदार ठेवून बाकीची त्यांनी उपटून टाकली. मी तेव्हा म्हणालो होतो, “काकू, नर्सरीतून कलम आणा की. लवकर फळ येईल.”

काकूंनी माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहिलं. “अरे देवळेकर, रातांबा कुणी लावतं का? तो उगवतो. कावळे लावतात.”

पुढची सात-आठ वर्षं त्या झाडाने आमच्या डोळ्यांदेखत काढली. त्याची तांबूस कोवळी पानं फुटली की काकू मला भिंतीशी हाक मारून दाखवायच्या. दरम्यान त्यांच्या भावाने तिकडचं आगर विकलं. दर वर्षी माहेराहून येणारा आमसुलांचा डबा बंद झाला. काकू बाजारातली आमसुलं आणून आमटीत टाकायच्या आणि पहिल्या भुरक्यालाच म्हणायच्या, “आंबट आहे. पण आमचं नाही.” आता त्यांचं म्हणून जे काही उरलं होतं ते या एका झाडात होतं. त्याला फळ धरलं की आमटीला पुन्हा ती चव येणार, एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्याकडून हवी होती. मला ते फार थोडं मागणं वाटायचं.

एका जानेवारीत झाडाला पहिल्यांदा फुलं आली. बारीक, पिवळसर, झुबक्यांनी आलेली. मी भिंतीवरूनच ओरडलो, “काकू, पेढे काढा!” त्या झाडाखाली उभ्या होत्या. एक फूल तळहातावर घेऊन पाहत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, भरून आलं असेल. मार्च गेला, एप्रिल गेला, एकही फळ दिसेना. मी विचारलं तर म्हणाल्या, “पहिलं वर्ष आहे.” दुसऱ्या वर्षीही फुलं आली आणि झडून गेली. तेव्हा कुठे त्यांनी मला बोलावून घेतलं.

“नर आहे रे तो. रातांब्यात नर-मादीची झाडं वेगळी, नराला फळ नाही,” त्या म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी कळलं मला. मादीचं फूल असं झुबक्याने येत नाही, आणि त्याच्या मध्ये हिरवं बोंड असतं.”

“मग दोन वर्षं गप्प का राहिलात?”

“बोलले असते तर खरं झालं असतं.” मग म्हणाल्या, “तिकडे इतके होते, की एखादा नर निघाला तर बाबा सरपणाला काढायचे. आम्ही कधी मोजलेच नाहीत. इथे एकच आहे, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही बघ. आणि उपटले ते मीच.”

विहिरीकडच्या जुन्या झाडाची एखादी काडी मिळाली तर या झाडावरच कलम बांधता येईल, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्यासमोरच भावाला फोन लावला. फोनवरचं नीट ऐकू येत नसे म्हणून त्या स्पीकर चालू ठेवायच्या, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

“अगो ताई, कुठली झाडं आता? घेणाऱ्यांनी सगळं सपाट करून घेतलंनी. पर्यटकांसाठी खोल्या बांधतायत.”

“विहिरीकडचा रातांबा पण?”

“विहीर पण बुजवली गो.”

काकूंनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, “बरं. तू जेवलास का?”

मला त्या दिवशी त्यांच्यासमोर बसवेना. दुसऱ्या रविवारी मी नर्सरीत जाऊन मादी रातांब्याचं कलम विकत घेतलं आणि स्कूटरवर पायांत धरून आणलं. द्वारका चौकाच्या गर्दीत एका रिक्षावाल्याने विचारलं, “काय साहेब, जंगल हलवताय का?” घरी पोचेपर्यंत दोन फांद्या मोडल्या होत्या. काकू कलमाभोवती फिरल्या, पानं उलटून पाहिली. ते परक्याचं झाड त्या लावतील की नाही, याची मला खात्री नव्हती. पण मग त्यांचा चेहराच बदलला. “याला फळ धरलं, तर ते माझ्याच झाडामुळे धरेल. म्हणजे त्यातलं बी अर्धं आमचं,” त्या म्हणाल्या. आणि स्वतः कुदळ घेऊन खड्डा खणायला लागल्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईला इतकं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

कलम तग धरून राहिलं. तिसऱ्या वर्षी त्याला मोजकी फुलं आली आणि त्यांतल्या चार-पाचांची बोराएवढी हिरवी फळं झाली. काकू ती पाहुण्यांनाही दाखवत नसत, दृष्ट लागेल म्हणून. नेमका तोच उन्हाळा वाईट निघाला. नळ एक दिवसाआड, तोही करंगळीएवढा. कॉलनीची बोअर मार्चमध्येच आटली. पाणी सगळ्या परसाला पुरणं शक्य नव्हतं. काकूंनी केळी सोडल्या, हळद सोडली. मग एका सकाळी मोठ्या रातांब्यापाशी जाऊन त्याच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तुला नाही रे आता. तू आपलं आपण बघ.” त्यांचं आंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतलेलं, सगळं पाणी कलमाला जाऊ लागलं. आम्हीही आमची एक बादली भिंतीवरून द्यायचो. त्यांनी कलमाभोवती ओल्या साड्यांची खोलीच केली होती.

एप्रिलच्या शेवटी तीन-चार दिवस असं वारं सुटलं की घरातल्या फरशीलाही चटका बसत होता. पहिल्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. दुसऱ्या दिवशी फळं गळली. काकूंनी ती वेचून पदरात घेतली, एक दाताखाली चावून पाहिलं आणि थुंकून टाकलं. आत बी धरलेलंच नव्हतं. महिन्याभरात कलम वाळून काटकी झालं. मी म्हणालो, “दुसरं आणू.” त्या म्हणाल्या, “मला किती वर्षं धरून चाललायस तू?”

मोठा रातांबा मात्र पाण्यावाचून जगला. निम्मी पानं झडली, पण जगला.

पावसाळ्यात मुलगा येऊन काकूंना बंगळुरूला घेऊन गेला. सातव्या मजल्यावर. निघताना त्यांनी परसाकडे जायचं टाळलं. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाल्या, “अडचण झाली तर तोड तो. आम्ही तिकडे तोडायचोच.” मी हो म्हणालो.

जानेवारीत त्यांचा फोन आला. आवाज खोल गेला होता. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाल्या, “फुललाय का रे?”

“हो काकू. कधी नव्हे इतका.”

“फुलू दे,” त्या म्हणाल्या. “त्याला कोण सांगणार?”

त्याच महिन्यात त्या गेल्या. मुलाने घर विकलं. घेणारे गृहस्थ सिन्नरकडचे, सभ्य. परवा गवंड्याला घेऊन मागची जागा मोजायला आले होते. केळीची खुंटं, सुकलेली सोडणं, सगळं त्यांनी पाहिलं आणि रातांब्यापाशी थांबले. तिथे त्यांना गाडी लावायची आहे.

“झाड छान आहे हो,” भिंतीवरून ते मला म्हणाले. “फळं येतात का याला?”

“नाही.”

“मग एवढी वर्षं पाणी कशाला घातलं त्यांनी?”

गवंडी हातात टेप धरून ताटकळला होता. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते भिंतीवरून उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. 

“काढून टाका,” मी म्हणालो आणि घरात आलो.