अकरा टाक आणि एक नाव

'अंगात येणे' या विषयावर मी एम.ए.ला प्रोजेक्ट केला होता. तेव्हाही ती मला लोकांची समजूतच वाटायची. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय...

मी नाशिकला पंचवटीजवळच्या एका लहान संग्रहालयात आदिवासी वस्तूंचा विभाग सांभाळते. तिथे एका ट्रेमध्ये अकरा टाक होते. टाक म्हणजे गेलेल्या माणसाची धातूच्या पत्र्यावर ठोकलेली छोटी प्रतिमा — घरच्या देव्हाऱ्यात पुजतात. अकराही टाकांवर तोच घोडेस्वार. कोणता कुठल्या घरातला, ते लिहिलेली वही वाळवीने खाल्ली.

पेठकडच्या एक आजी त्यातला एक मागत होत्या. त्या तरुण असताना कुणी अभ्यासक "फोटो काढून परत देतो" म्हणून घेऊन गेला होता. ही त्यांची चौथी खेप. आमचे संचालक दर वेळी म्हणायचे, "पुरावा आणा." या वेळी मीच हट्ट धरला, "सर, निदान हात तरी लावू द्या त्यांना."

दुपारचा एक वाजला असेल. आजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी एकेक टाक बोटांनी चाचपला. अकरा झाले. पुन्हा पहिल्यापासून... मग हात थांबले.

"मलाच वळखू येईना, ताई. माझ्या पाठचा भाऊ हाय ह्यात, अन् मलाच..." टेबलावर डोकं टेकून त्या रडायला लागल्या.

"ठेवा आता आत," सर म्हणाले.

मी ग्लोव्हज घालून एकेक टाक ट्रेमध्ये ठेवू लागले. सातवा उचलला आणि माझ्या तोंडून शब्द आले — "धवळू, घरी चल."

आवाज माझाच. पण मी बोलले नव्हते... याहून नीट सांगता येत नाही.

आजींनी माझं मनगट घट्ट धरलं. "हे नाव तुला कुनी सांगितलं?"

कुणीच नाही. अर्जातही नव्हतं, त्या कायम 'भाऊ'च म्हणायच्या. सरांनीही ऐकलं होतं. त्यांनी मला परतीचा फॉर्म काढायला सांगितलं.

परतीच्या फॉर्मवर 'ओळख कशावरून पटली' असा रकाना आहे. सरांनी तिथे लिहिलं — 'कुटुंबाने ओळखला.' खरं नव्हतं ते. तरी मी खाली सही केली. मंजुरी यायला दीड महिना गेला. आजी टाक पदरात बांधून पेठच्या एसटीने गेल्या.

ते नाव आधी कुठे वाचलं असेल म्हणून मी सगळे कागद धुंडाळले. नाही सापडलं.

आता रोज उरलेले दहा टाक हातात घेते, ग्लोव्हज काढूनसुद्धा. त्यांचीही घरं असतील ना कुठेतरी? एकेक धरून थांबते, वाट बघते... काहीच येत नाही तोंडात.