मांडीखालचे हात

मुळशीतल्या आमच्या दिव्यांग मुलांच्या शाळेत ती परदेशी बाई स्वयंसेवक म्हणून आली होती. मुलं जेवताना ती स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसायची. मी तिथला शिक्षक, घराण्यातला पहिला पदवीधर, विचारायला लाजत नाही. कारण विचारलं, तर मोडक्या मराठीत म्हणाली, "मोकळे सोडले, तर हात भरवतात."

एकदा ताम्हिणीहून एक आई लेकीला भेटायला आली. लेकीचा हात थरथरत होता, चमच्यातला भात सांडत होता.

"सर, पोर उपाशी हाय आन् ही बाई नुसती बघतीया. आजच घरी नेते मी तिला."

बाईच्या कपाळावर घाम आला होता, पण हात हलले नाहीत. चमचा आधी गालाला लागला, मग नाकाला, आणि शेवटी तोंडात गेला.

आई लेकीकडे बघतच राहिली. मग माझ्यावर खेकसली, "उभं काय ऱ्हायलाय सर, वाढा की अजून."