सोनेरी रंगाखालची खळी

दुर्ग-भिलाईच्या चौकांत हात वर करून उभे असलेले निम्मे पुढारी आमच्या शेजारच्या चंपतभाऊंनी घडवलेले. पुतळा उभा राहिला की साचा हातोड्यानं फोडायचा, हा त्यांचा नेम. "दुसरा निघाला त पयल्याची किंमत काय?" म्हणायचे. मला ती निव्वळ घमेंड वाटायची.

बारा वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक सुमेध काविळीनं गेला. महिन्याभरातच रिसालीच्या एका चौकासाठी कामगाराच्या सिमेंटच्या पुतळ्याचं काम आलं. हेल्मेटखाली चेहरा कोणाचाही चालणार होता. चंपतभाऊंनी सुमेधचा दिला, हनुवटीवरच्या खळीसकट. आणि मग नेमाप्रमाणे साचा फोडला. त्या दिवशी तरी हात आवरायचा होता!

पुढे सुमेधच्या आईची, वच्छलावहिनींची नजर साखरेच्या आजारानं गेली. घरातले फोटो असून नसल्यासारखे झाले. उरला तो पुतळा. दर वर्षी विश्वकर्मा पूजेआधी समितीची माणसं शिडी लावून त्याला सोनेरी ऑइलपेंट फासत. रंगाऱ्याच्या आधी वहिनी वर चढायच्या, चंपतभाऊ खाली शिडी धरून उभे. कपाळ, नाक, खळी चाचपून त्या उतरायच्या. मग चार दिवस पोटभर जेवायच्या.

यंदा त्या वरच थांबल्या.

"अवो, मले माहा पोरगा सापडून नाही राहिला."

वहिनींना खाली उतरवून चंपतभाऊ वर गेले. वर्षानुवर्षांच्या रंगानं खळी पार बुजली होती. "थांब, मी काढतो त्याले बाहेर," म्हणत त्यांनी घरून छिन्नी-हातोडा आणला. रंगारी नको म्हणाला, मीही म्हणाले. ऐकतो कोण!

रंगाखाली पाणी मुरून सिमेंट भुसभुशीत झालेलं. पहिल्याच ठोक्याला हनुवटी तुटून खाली पडली. लोकांनी सुमेधला रंगानं झाकला होता, मोडला मात्र बापाच्या हातानं. चंपतभाऊ शिडीवरच हमसून रडायला लागले. मलाही रडू आवरेना.

वहिनींनी जमीन चाचपत तुकडा शोधला. नखानं रंग उकरत बसल्या, बराच वेळ. मग बोट एका जागी थांबलं.

"हाय जी. इथंच हाय."

चंपतभाऊ धडपडत खाली आले. "मले दे एकडाव."

"नाही," वहिनी म्हणाल्या, "तुमी नका लावू हात." आणि तुकडा त्यांनी पदरात बांधला.