गवताला पहारा

मी रंगमंचावर राजे केले, राक्षस केले आणि एकदा गाजरगवतही केलं. अंगाला हिरवा कागद, डोक्यावर कापसाची फुलं. साल अठ्ठ्याहत्तर. सरकारनं या परक्या गवताविरुद्ध नियम काढला होता: ज्याची जमीन, त्यानं ते फुलण्याआधी उपटायचं. त्यासाठी निधीही दिला होता. तो मंडपात, कर्ण्यांत आणि आमच्या कलापथकाच्या तालमीत मुरत होता. मीही त्यातलंच खाल्लं, म्हणून पहिली थुंकी माझ्यावर.

दुसरी मात्र नानासाहेबांवर. मोहिमेचे अधिकारी. टाय लावून चिखलात येणारा माणूस.

चऱ्होलीच्या सोजरबाईंचं कांद्याचं रान एका कंपनीच्या पडीक प्लॉटला लागून होतं. नवरा पिंपरीला शिफ्टवर, शेती बाईंच्या अंगावर. प्लॉटमध्ये गाजरगवत कंबरेइतकं माजलेलं. मोहिमेचं उद्घाटन तिथंच व्हायचं होतं. बडे पाहुणे पहिलं झाड उपटणार, फोटो निघणार. पाहुण्यांना सवड होईना. तारीख दोनदा पुढं गेली, आणि गवताला पांढरी फुलं आली.

सोजरबाई थेट तालमीच्या मंडपात आल्या.

"सायेब, फूल आलं. आता उपटा. बी धरलं तर माजं रान गेलं. कांदा लावायचाय मला."

नानासाहेब हसले. "मावशी, उद्घाटनाआधी कसं उपटणार?"

"मंग त्येला सांगा, पाव्हणं येईस्तवर फुलू नगंस."

आम्ही नट खो खो हसलो. नानासाहेबांनी काय करावं? प्लॉटवर कोंडीराम शिपायाला बसवलं. गवत कुणी उपटू नये म्हणून! असा प्रवेश लिहायला नाटककार नव्हे, कचेरीच लागते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाई तीन शेजारणींना घेऊन आल्या. हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या.

कोंडीराम उभा राहिला. "मावशी, माजी नोकरी जाईल."

"सरकार काय म्हणतंय? उपटा म्हणतंय न्हवं?"

"व्हय."

"मंग तिकडं तोंड करून बस."

तो बसला. दुपारपर्यंत प्लॉट मोकळा झाला, गवत खड्ड्यात गाडलं गेलं.

दोन दिवसांनी पाहुणे येणार होते. मोकळी जमीन बघून नानासाहेबांनी बाईंचे आभार मानायला हवे होते. त्यांनी टेम्पो पाठवून इंद्रायणीच्या काठावरचं गवत आणवलं आणि ओल्या मातीत ओळीनं रोवलं. ते पिकलेलं होतं. नुसता धक्का लागला तरी बी झडत होतं.

पाहुणे आले आणि त्यांनी एक झाड ओढलं. ते लोण्यातून निघावं तसं निघालं. टाळ्या पडल्या. फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा वर!" आणि साहेब ते झाड तलवारीसारखं फिरवू लागले.

सोजरबाई पोतं घेऊन गर्दीतून धावल्या. त्यांनी पाहुण्यांचं मनगटच धरलं.

"झटकू नगा! पोत्यात घाला!"

पाहुण्यांनी मुकाट्यानं झाड पोत्यात टाकलं. मग बाईंनी नानासाहेबांसकट सगळ्यांना एकेक झाड उपटून हळूच आत ठेवायला लावलं.

नानासाहेब माझ्या कानात फिसकारले, "राव, एंट्री घ्या, काहीतरी करा!" मी हिरव्या कागदात गर्जना करत शिरलो. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पोत्याचं तोंड उघडलं.

"तूबी ये."

इतकी दाद मला कुठल्याच थिएटरात मिळाली नाही. अर्थात दाद माझी नव्हती.

अहवालात कार्यक्रम यशस्वी ठरला. नानासाहेबांना बढती मिळाली. सोजरबाईंच्या हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठलं, चिघळलं. दवाखान्यात डॉक्टरनं बजावलं, यापुढं त्या गवताला शिवायचं नाही.

पुढच्या पावसात मी भेटायला गेलो, तर बाई बांधाशी वाकून खुरप्यानं कोवळी रोपं काढत होत्या. पाहुण्यांच्या हातून झडलेलं तेवढंच उगवलं होतं. बांधाच्या आतला कांदा स्वच्छ होता.

"डॉक्टरनं नको म्हटलंय ना?" मी विचारलं.

"मंग डॉक्टरला धाडा खुरपायला," त्या म्हणाल्या आणि पुढच्या रोपाकडे सरकल्या.