नकाशेबाईंचे तास

नकाशेबाईंना एका जागी बसवत नव्हतं. सभेला अवकाश होता, तरी त्यांनी टेबलाभोवती फिरून खुर्च्या सरळ केल्या, टोकदार पेन्सिलींना पुन्हा टोकं काढली. विद्यापीठाच्या भूगोल विभागात त्या हाताने नकाशे काढायला शिकवत, इतकी वर्षं की त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नसे.

यंदा अभ्यासक्रम सुधारायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. सुधारणा कशी करायची हे विभागाला तोंडपाठ होतं. विषयाच्या नावाआधी 'आधुनिक' लावायचं, शेवटी एक प्रकरण जोडायचं आणि चहा प्यायचा. कुणाच्या तासाला हात लावायचा नाही; तो ताटातला घास काढून घेण्याइतका गुन्हा.

बाईंनीही हेच केलं असतं. पण रविवारी भाची आली. त्यांचीच विद्यार्थिनी, पहिली आलेली, नुकतीच पाणीपुरवठा खात्यात लागलेली.

"मावशी, रागावू नकोस हं. साहेबांनी मला एका उतारावर उभं केलं आणि विचारलं, पाऊस पडला तर इथलं पाणी कुठं जाईल? मी नुसती बघत राहिले. कागदावर असतं तर सांगितलं असतं गं."

"शिकवलं होतं की मी!"

"वर्गात. बाहेर कधी नेलंस?"

बाई चिडल्या. आधी भाचीवर, मग त्या साहेबावर. ती गेल्यावर भांडी आदळता आदळता त्यांच्या लक्षात आलं, की ज्याच्यावर चिडायचं ते माणूस घरातच आहे, आपणच. मुलांना बाहेर न्यायचं तर तास हवेत, आणि सगळ्यात जास्त तास त्यांचेच होते. पण ते दिले तर विभागात आपण कोण उरणार?

सभेत जो तो आपला विषय उराशी धरून बसला. आकडेवारीचे सर म्हणाले, "माझे तास तर आधीच कमी आहेत." हवामानाच्या मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या.

"माझे निम्मे काढा," बाई एकदम म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांनाच धडकी भरली.

सर खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "मोकळे होतच आहेत, तर थोडे मला..."

"मोकळे नाहीत ते!" बाई कडाडल्या. "मुलं बाहेर जाणार आहेत."

"नेणार कोण?" सरांनी विचारलं.

मॅडम पुन्हा खिडकीकडे वळल्या. बाईंचे गुडघे बसल्या जागी ठणकत होते.

"मी," त्या म्हणाल्या.

नव्या सत्रात मुलं विभागामागच्या टेकडीवर उभी राहिली. "बाई, इथलं पाणी कुठं जाईल?" एका मुलीने विचारलं. या टेकडीचा नकाशा बाई डोळे मिटून काढत. त्यांनी दाखवायला हात उचलला, आणि तो कुठल्या बाजूला न्यावा हे त्यांना कळेना.

"थांब, मलाही बघू दे," असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि मुलांच्या आधी त्या उताराला लागल्या.