घागर ठेवायचा दगड

बायांनो, आपली ही वही उद्या पुढच्या गावी जायची, म्हणून आज सकाळचं आजच लिहिते. अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या.

माझ्या बहिणीचा सदा पुण्याला इंजिनेरीच्या कॉलेजात शिकतो. सुट्टीला आमच्याकडं आलाय. पंचांनी त्याच्याकडनं विहिरीच्या नव्या कट्ट्याचा नकाशा काढून घेतला. नकाशा देखणा. पण कट्ट्यावरचा कमरेएवढा जुना दगड त्यात कुठंच नव्हता.

"मावशी, तो मधेच येतोय. काढून टाकायचा."

माझी सून गंगा सात महिन्यांची पोटुशी. भरलेली घागर ती त्या दगडावर टेकवते आणि न वाकता कमरेवर घेते. दगड गेला तर ती काय करणार?

मी भरलेली घागर सदापुढं जमिनीवर ठेवली. "उचल रं. कुणी हात द्यायचा न्हाय."

निम्मं पाणी त्याच्या धोतरावर सांडलं. गंगा म्हणाली, "भावजी, आता पोटाला उशी बांधून उचला बघू!"

मी विचारलं, "माणसं कशी राबतात, हे न्हाय व्हय शिकवत तिकडं?"

"आठवड्याला एक तास असतोय, मावशी. त्याला मार्क कमी, म्हणून आम्ही झोपतो."

मग मात्र त्यानं नकाशा गंगापुढं पसरला. "वहिनी, दगड कुठं पाहिजे?" तिनं बोट ठेवलं, तिथं त्यानं तो पेन्सिलीनं काढला.

माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं. पण तो तास मास्तरानं विहिरीवर घ्यावा, म्हणजे कुणी झोपायचं न्हाय. तुमच्या गावात काही बांधताना तुम्हाला कुणी विचारलं काय? खाली लिहा.